वृक्षनेचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा लांबलचक शास्त्रीय नावे माझ्याकडून ऐकण्याची आशा धरू नका. विषय मात्र शास्त्रातलाच घेतला आहे.

जुन्या विहिरीच्या दगडांत काळ्या देठाचा नाजूक हंसराज उगवतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. तो नेचा. त्याच्याच गोतावळ्यातले काही नेचे झाडाएवढे होतात, हे सोलापुरात कोणाला खरे वाटायचे नाही. मी तसला वृक्षनेचा उटीच्या सरकारी बागेत पाहिला. ही बाग १८४८ सालची. दुरून वाटले, माडच आहे! जवळ गेले तो खोड काळे, केसाळ. शेंड्यावर माणसापेक्षा लांब पाने, आणि कोवळे पान चकलीसारखे गुंडाळलेले.

या झाडाला फूल नाही, फळ नाही, बीसुद्धा नाही. पानाच्या पाठीवर खसखशीएवढे ठिपके असतात, त्यांतली भुकटी वाऱ्यावर उडते. ती ओल्या जागी पडली तर आधी नखाएवढे हिरवे पान निघते, आणि त्यावर पाण्याचा पातळ थर असला तरच पुढे रोप धरते. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील दाट, पावसाळी रानांत ओढ्याकाठी हे जमते. आपल्या उन्हात हंसराज तगतो हेच पुष्कळ! डायनोसॉर होते तेव्हाही ही झाडे होती म्हणतात.

आता कामाचे बोलते. ऑर्किड लावायला काळ्या तंतूंचे फळकुट विकत मिळते ना, ते कित्येकदा याच झाडाचे खोड असते. तंतू म्हणजे त्याची मुळे. ती ओल धरतात म्हणून ऑर्किडला मानवतात. पण या झाडाला वाढीचा शेंडा एकच. खोड कापले की बहुधा झाड गेलेच, आणि पुन्हा तेवढे व्हायला कित्येक वर्षे लागतात. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारात या झाडांच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. आपल्या गल्लीतल्या खरेदीवर कोण लक्ष ठेवणार? आपणच!

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या कुंड्यांच्या स्पर्धेत असल्या फळकुटावरच्या रोपाला बक्षीस देऊ नये. ऑर्किड नारळाच्या सोडणावर किंवा कोळसा-विटांच्या तुकड्यांतही छान येते. सोडणे माझ्याकडे पोतेभर आहेत. ज्यांना हवी त्यांनी दुपारी तीननंतर यावे.