पळण्याआधी गुणपत्रक बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या एका सीआरपी ताईंनी केलेलं भाषण)



आज मी बचतीवर बोलणार नाही. कर्जावर बोलणार आहे, पण वेगळ्या कर्जावर.

आपला सातारा जिल्हा फौजींचा. मिलिटरी अपशिंग्याचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे. आपल्याकडं पोरगं दहावी झालं की पहाटे चारला उठून पळायला लागतं. आई दूध-अंडी द्यायला लागते. तशीच मीही लागले होते.

माझ्या थोरल्याला दहावीला 43 टक्के पडले. पास झाला म्हणून पेढे वाटले. भरतीच्या अकॅडमीत घालायला मी गटातून 20 हजारांचं कर्ज उचललं. अकरावीला नाव घातलं होतं, पण पळण्याच्या नादात कॉलेज सुटलं. पोरगं वाऱ्यासारखं पळायचं. दोन वर्षांनी फॉर्म भरायला गेलो. नेट कॅफेतला मुलगा गुणपत्रक बघून म्हणाला, "काकू, ह्याला जमत नाही. 45 टक्के लागतात."

दोन टक्के कमी पडले, बायांनो! फी घेताना अकॅडमीत कुणी गुणपत्रक मागितलं नव्हतं. आणि मी? मी ते ट्रंकेत साड्यांच्या खाली जपून ठेवलं होतं, एकदाही नीट वाचलं नव्हतं.

पुढं कळलं ते ह्याच्याहून वाईट. त्याच गुणांवर त्याला ट्रेड्समनचा फॉर्म भरता आला असता. पण हे समजलं तोवर वय निघून गेलं होतं. आज तो एमआयडीसीत आहे, चांगला कमावतो. पण भरतीची जाहिरात दिसली की गप्प होतो.

म्हणून आज सांगते. जिच्या घरात आठवीच्या पुढचं लेकरू आहे, तिनं वहीत लिहून घ्या. 2022 पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. सैन्यात, म्हणजे आर्मीत, शिक्षणाची अट पदाप्रमाणं बदलते.

जनरल ड्युटी: दहावी पास, एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33.

ट्रेड्समन: दहावी पास, प्रत्येक विषयात 33. ह्यातल्या हाऊस कीपर आणि मेस कीपर ह्या कामांना आठवी पासही चालतं.

टेक्निकल: बारावी सायन्स. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी हवं. एकूण 50 टक्के, प्रत्येक विषयात 40. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे, पण दहावीचे गुण तिथंही बघतात.

क्लार्क: बारावी कुठल्याही शाखेची, पण एकूण 60 टक्के आणि प्रत्येक विषयात 50.

आता नीट बघा. आपल्या बोर्डात पास व्हायला 35 लागतात. भरतीला कुठं 45, कुठं 50, कुठं 60. नुसतं "पास झाला" म्हणून पेढे वाटले तर मधलं अंतर आपल्याला दिसतच नाही. ते अंतर मैदानावर पळून भरून निघत नाही.

दुसरं असं, की 2023 पासून आर्मीत आधी कॉम्प्युटरवर लेखी परीक्षा होते. त्यात पास झाला तरच मैदानावर बोलावतात. म्हणजे 1600 मीटर पळायची पाळी येते ती पेपर सुटल्यावर.

आणि पोरींचं काय? माझी धाकटी नववीत आहे, म्हणून हे मी मुद्दाम शोधून काढलं. आर्मीत मुलींना मिलिटरी पोलीसमध्ये अग्निवीर होता येतं. अट तीच, दहावीला 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33. अधिकारी व्हायचं असेल तर खडकवासल्याची एनडीए आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ती मुलींना खुली झाली. मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. तिथं आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. नेव्ही आणि एअर फोर्सला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. म्हणजे दहावीनंतर कुठल्या शाखेला नाव घालायचं, तिथंच अर्धा निकाल लागतो. ह्या तयारीसाठी आपल्या सरकारची मुलांची संस्था छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींची नाशिकला आहे. तिथली निवड दहावीनंतर होते.

अजून एक. अग्निवीर व्हायला उमेदवार अविवाहित लागतो, आणि ती चार वर्षं लग्न करता येत नाही. "दहावी झाली, आता बघायला सुरुवात करू" असं म्हणताना एवढं ध्यानात ठेवा. आपण तिचं एक दार बाहेरून लावून घेत असतो.

ज्यांची दहावी होऊन गुण कमी पडलेत, त्यांनी लगेच हाय खाऊ नका. पास झालेल्यांना गुण वाढवण्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना असते. संधी मोजक्याच मिळतात, म्हणून शाळेत जाऊन लवकर विचारा. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला, त्या प्रमाणपत्राला भरतीत जादा गुण मिळतात. आणि काही झालं तरी बारावी सोडू देऊ नका. भरती झाली नाही तरी बारावी हातात राहते.

अटी दर वर्षी थोड्याफार बदलू शकतात. म्हणून वयाची आणि गुणांची अट त्या वर्षीच्या अधिकृत जाहिरातीतच वाचायची. "पैसे द्या, आत घालतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. असं कुणी कुणाला आत घालू शकत नाही.

शेवटी माझी एक मागणी आहे, ती इतिवृत्तात लिहून घ्या. इथून पुढं कुठल्याही गटात अकॅडमीच्या फीसाठी कर्जाची मागणी आली, तर आधी लेकराचं गुणपत्रक बैठकीत ठेवायचं. सचिव ताईंनी ते मोठ्यानं वाचायचं आणि जाहिरातीशी ताडून बघायचं. बसत असेल तर कर्ज जरूर द्या. नसेल बसत, तर तेच पैसे आधी शिकवणीला द्या.

शेळीसाठी कर्ज देताना आपण शेळीचे दात बघतो. मग लेकरासाठी कर्ज देताना त्याचं गुणपत्रक बघायला लाजायचं कशाला?

आज घरी गेलात की ट्रंक उघडा.