त्याच बाईला पुन्हा विचारू या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून दोन दिवस सल्लाकेंद्रात बसते. आज एका अर्थशास्त्रज्ञाविषयी बोलणार म्हटल्यावर काहीजणी मागच्या रांगेत सरकल्या, ते मी पाहिलं. पण त्यांचं काम आपल्या रजिस्टरपर्यंत कसं येतं, तेवढं ऐकून घ्या.

यायर मुंडलाक यांचा जन्म १९२७ चा, निधन २०१५ मध्ये. हिब्रू विद्यापीठात आणि शिकागो विद्यापीठात त्यांनी शिकवलं. शेती हा त्यांचा विषय. १९६१ साली इस्रायलमधल्या शेतकरी कुटुंबांच्या नोंदींवर त्यांनी एक लेख लिहिला. प्रश्न साधा होता. खत जास्त घालणाऱ्याचं पीक जास्त येतं, पण ते खतामुळे की तो शेतकरी मुळात हुशार म्हणून? हुशार माणूस खतही जास्त घालतो. त्याची हुशारी कुठल्याच तक्त्यात दिसत नाही आणि तिचं श्रेय खताला जातं. मुंडलाक म्हणाले, एका शेतकऱ्याची दुसऱ्याशी तुलना करू नका, त्याच्या या वर्षाची त्याच्याच गेल्या वर्षाशी करा. हुशारी दोन्ही वर्षी तीच, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. ही कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती, पण त्यांनी ती नेटकी मांडली आणि पुढे तिचा वापर शेताबाहेर खूप दूरवर झाला. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारून जमवलेल्या माहितीला 'पॅनेल' म्हणतात.

आता शेतातून कचेरीत या. आई झालेल्या बायकांना पगार कमी का? "त्यांना नोकरीत मुळातच रस नसतो," हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मिशेल बडिग आणि पॉला इंग्लंड या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हेच तपासलं. १९८२ ते १९९३ या काळात त्याच त्या तरुण स्त्रियांना पुन्हा पुन्हा विचारलेली माहिती त्यांनी घेतली. तुलना दोन बायकांची नाही, तर मूल होण्याआधीची ती आणि नंतरची ती. स्वभाव तोच, शाळा तीच. तरी दर मुलामागे पगार सुमारे ७ टक्क्यांनी कमी. अनुभवाची वर्षं बुडाली, त्याने यातला एक-तृतीयांश भागच उलगडतो. म्हणजे "मुळातच रस नाही" एवढ्यावर आता कोणाला सुटता येत नाही.

पण या पद्धतीची एक खोच आहे. जे बदलत नाही, ते सगळंच वजाबाकीत जातं. शेतकऱ्याची हुशारी जाते, तशी जातही जाते. बाई असणंही जातं! ज्या गोष्टी आपल्याला जन्मभर चिकटलेल्या, त्यांच्याबद्दल हे गणित गप्प बसतं. १९७८ मध्ये खुद्द मुंडलाक यांनीच एक वाट दाखवली. प्रत्येक माणसाची सर्व वर्षांची सरासरी गणितात घेतली, तर न बदलणाऱ्या गोष्टीही त्यात ठेवता येतात. तरीही त्यांचे आकडे जपूनच वाचावे लागतात. तेव्हा कोणी म्हणालं, "आम्ही सगळं हिशेबात धरलं, जातीचा परिणाम दिसला नाही," तर विचारायचं : दिसला नाही, की आधीच वजा केला?

असं काम आपल्या मातीतही झालं आहे. इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातल्या कानझरा व किनखेड या गावांत त्याच कुटुंबांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मध्ये भेटलेल्या कुटुंबांना २०११-१२ मध्ये पुन्हा गाठलं.

आणि आपण? आपल्या रजिस्टरात दरवर्षी नव्या बायका येतात. शेवटच्या रकान्यात मी स्वतः कितीदा तरी 'समझोता' लिहिलं आहे आणि अहवालात ते यश म्हणून मोजलं आहे. एकदा बाजारात अशीच एक ताई भेटली. माझ्या नोंदीत ती नांदत होती. प्रत्यक्षात चौथ्या महिन्यातच माहेरी परतली होती. "तुम्ही पुन्हा विचारलंच नाहीत, बाई," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तो रकाना मला डाचतो.

नांदायला गेलेल्या आणि वेगळ्या राहिलेल्या बायकांची नुसती तुलना करूनही चालणार नाही. वेगळी राहिली तिला बहुधा माहेरचा आधार होता, हातात काम होतं. इथे माहेर म्हणजे मुंडलाक यांची ती न दिसणारी हुशारी. म्हणून त्याच बाईला विचारायचं : तेव्हा काय होतं, आज काय आहे? मारहाण, पैसा, मुलांची शाळा, झोप.

माझी सूचना छोटी आहे. दर बाईमागे एक कार्ड. सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षाला तेच पाच प्रश्न. मात्र पुन्हा कुठे आणि कसं भेटायचं हे तिने ठरवायचं, नाहीतर आपल्या भेटीपायीच तिला मार बसायचा. आणि जी सापडली नाही, तिचं कार्ड फाडायचं नाही. सापडत नाही ती कदाचित सर्वांत जास्त अडचणीत असेल. 'भेट झाली नाही' ही नोंदच आहे, आणि त्या नोंदीवरून कोणीतरी उठून तिला शोधायला जायचं आहे.