कारकुनांची लायब्ररी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी पाचच मिनिटं दिली आहेत, म्हणून सरळ विषयाला येतो. जन्मभर कारकुनी केली, तेव्हा बोलणार कारकुनांबद्दलच. पण अमेरिकेतल्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या.

१८२० साली न्यूयॉर्क आणि बोस्टनमध्ये, पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात मर्कंटाइल लायब्ररी निघाल्या. गावाकडून आलेली तरुण पोरं दिवसभर पेढीवर खातेवह्या लिहायची, रात्री भाड्याच्या कोंदट खोलीत पडायची. संध्याकाळी जायचं कुठे? गुत्त्यात, नाहीतर नाटकाला. शेठ लोकांना याचीच धास्ती, म्हणून त्यांनी देणग्या दिल्या. पण वर्गणी भरून रोजचा कारभार पाहिला तो कारकुनांनीच. पुस्तकं, वाचनाची खोली, व्याख्यानं, परकीय भाषांचे वर्गसुद्धा. पोरांनी व्यापार-इतिहास वाचावा ही मोठ्यांची इच्छा. पोरं नेत कादंबऱ्या. (आपलं रजिस्टर पाहा, वेगळं काही दिसणार नाही!)

मला आवडते ती सिनसिनाटीची. १८३५ साली ४५ तरुणांनी ती सुरू केली. पुढे एका कॉलेजच्या इमारतीत तिला जागा मिळाली. १८४५ साली ती इमारतच जळाली. तेव्हा सभासदांनी नव्या बांधकामासाठी १०,००० डॉलर जमवून दिले आणि बदल्यात भाडेपट्टा लिहून घेतला, १०,००० वर्षांचा! वर नूतनीकरणाची सोय. आपल्या कन्व्हेयन्सचं काय... जाऊ द्या, आज आनंदाचा दिवस आहे.

इमर्सन, थॅकरे, मेलव्हिल तिथे बोलून गेले. पुढे सार्वजनिक मोफत वाचनालयं आली आणि अशा कितीतरी लायब्ररी बंद पडल्या. सिनसिनाटीची आजही त्याच जागी, नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आहे. माझ्या मते पुस्तकांपेक्षा त्या कागदाने तिला वाचवलं.

आता आपल्या ऑफिसमागची खोली. येत्या वार्षिक सभेत ती जिमला द्यायचा विषय आहे. जिमला माझा विरोध नाही, माझ्या गुडघ्यांचा आहे. पण तिथल्या चार कपाटांचं काय करणार, हे विषयपत्रिकेत लिहिलेलं नाही. पुस्तकं आपणच घरोघरी फिरून गोळा केली होती.

सिनसिनाटीचा पट्टा ११८४५ सालापर्यंत आहे. मी फक्त पुढच्या २५ वर्षांचा ठराव मांडणार आहे. सूचक मी. अनुमोदक पाहिजे.