विटी, दांडू आणि नवशिक्याचा हात



मागील महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तो एका खेड्यातील शाळेत शिक्षक आहे. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर जरा संकोचत म्हणाला, "सर, पोरांना विटीदांडू शिकवायचा म्हणतोय. दांडू करून आणले, मैदान आहे. पण टोला मलाच साधत नाही. दहातले सात फुकट जातात. पोरं हसतात. आता मी त्यांना शिकवू तरी काय?"

मी म्हटले, "गड्या, ज्याला सहज येते त्याला ते कसे येते हे सांगता येत नाही. तुला येत नाही, म्हणून तूच चांगले शिकवशील." त्या दिवशी त्याला जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे थोडे नीट मांडून ठेवतो.

विटीदांडूचाच एक श्रीमंत चुलतभाऊ आहे, त्याचे नाव गोल्फ. दोहोंचा वंश एक आहे असे मी म्हणत नाही; पण स्वभाव एक आहे. हातात काठी, पुढे लहानशी वस्तू, आणि ती दूर परंतु नेमकी धाडायची. गोल्फ आपल्या देशात फार पूर्वीच आला. कलकत्त्याचा रॉयल गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. त्या खेळाला विस्तीर्ण हिरवळ लागते, खेळाडूला चौदापर्यंत काठ्या बाळगता येतात, आणि शिकवायला पगारी गुरू असतात. आपल्याला एक बाभळीचा दांडू, चार-सहा बोटांची विटी आणि जमिनीत कोरलेली एक गल पुरते. पण त्या गुरूंनी नवशिक्यासाठी जे नियम बसवले आहेत, ते आपल्या पडीक रानातही तंतोतंत लागू पडतात.

पहिली गोष्ट दांडूची. दांडू खेळणाऱ्याच्या मापाचा हवा. आपण करतो काय, थोरल्या भावाचा दांडू धाकट्याच्या हाती देतो. तो त्याला पेलत नाही, मग मनगट वाकते आणि टोला तिरपा जातो. मोठ्यांना दीड हाताचा दांडू ठीक. आठ वर्षांच्या पोराला त्याहून आखूड आणि हलका द्यावा. शाळेत दोन-तीन मापांचे दांडू ठेवले तर फार खर्च होत नाही.

दुसरी गोष्ट पकडीची. नवशिका दांडू असा आवळतो, की जणू कुणी हिसकावून नेणार आहे. मूठ आवळली की कोपर आखडते, कोपर आखडले की खांदा आखडतो. विहिरीवरून भरलेली कळशी आणताना आपण ती सुटू देत नाही, पण गळाही दाबत नाही. तेवढीच पकड दांडूला पुरे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विटीदांडूत टोल्याच्या आधी उचल असते. विटीच्या टोकावर हलकेच मारून तिला वर उडवायचे, आणि मग हवेतच टोला द्यायचा. नवशिक्याचे सारे लक्ष त्या टोल्यावर. उचल तो घाईघाईने उरकतो. विटी कधी डोक्यावरून जाते, कधी घोट्याशीच लोळते, आणि मग तो म्हणतो, "टोला चुकला." टोला चुकलेला नसतो, उचल चुकलेली असते. म्हणून पहिले आठ दिवस टोला मारूच नये. नुसती विटी उचलावी, कमरेइतकी, अंगापासून हातभर दूर. वीसदा उचलावी आणि किती वेळा मनासारखी आली ते मोजावे. वीसातल्या पंधरा जमल्या, की टोल्याकडे वळावे.

गोल्फमध्येही हेच आहे. तिथे कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा असतो. दोनशे यार्डांचा जबर फटका एक म्हणून मोजतात, आणि खड्ड्यापासून वीतभर अंतरावरची हलकी टिचकीही एकच म्हणून मोजतात. नवशिके दिवसभर लांब फटक्याचा सराव करतात आणि खेळ हरतात तो खड्ड्याच्या काठी. आपल्याकडेही गल सोडताना विटी कोलायची असते. ती नुसती लांब गेली की झाले असे नाही. राज्य घेणाऱ्या गड्यांच्या मधून, मोकळ्या जागी गेली पाहिजे. जोरदार कोललेली विटी हातात अलगद झेलली गेली, तर त्या जोराचा उपयोग काय?

चौथी गोष्ट नजरेची. टोला बसण्याआधीच विटी कुठे गेली हे पाहायला आपण मान वर करतो, आणि तिथेच घात होतो. दांडू विटीला लागेपर्यंत नजर विटीवरच ठेवावी. ती कुठे गेली हे सांगायला गडी आहेतच.

पाचवी गोष्ट जोराची. निम्म्या जोराने मारा. विटी दांडूच्या पुढच्या भागावर नीट बसली, तर निम्मा जोरही तिला पुष्कळ लांब नेतो. आणि सरावात एका दिवशी एकच गोष्ट धरावी. सोमवारी पकड, मंगळवारी नजर. एकदम पाच गोष्टी आठवू गेलात तर हात बावचळतो. पंधरा मिनिटे रोज, हे रविवारच्या तीन तासांहून बरे.

आता थोडे काळजीचे बोलतो. मी पाचवीत असताना आमच्या गल्लीत एका मित्राच्या भुवईवर विटी लागली. अर्ध्या बोटाच्या अंतराने डोळा वाचला. संध्याकाळी त्याच्या आईने साऱ्या गल्लीचे दांडू गोळा केले आणि चुलीत घातले. त्या माउलीला मी आजही दोष देत नाही. खेळ बंद पडला तो खेळामुळे नव्हे, आमच्या बेफिकिरीमुळे. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. विटीची टोके सुईसारखी तासू नका, बोथट ठेवा. टोला मारणाऱ्याच्या समोर पंधरा पावलांच्या आत कुणी उभे राहू नये, आणि बाजूलाही गर्दी नको. बघ्यांना पाठीमागे, दूर बसवा.

आणि आपली ती जुनी मोजणी! वकट, लेंड, मूंड, नाल. पुढची नावे गावागणिक बदलतात. आमच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू बोलतात. त्यांचे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ऐकले, की वकट-लेंडाचे सोयरे कोण ते चटकन कळते. मराठी पोरे खेळता खेळता शेजाऱ्याचे आकडे बोलतात, याहून गोड भाषापाठ कोणता? ही मोजणी अवश्य शिकवा. फक्त विटी डोळ्यावर ठेवून उडवण्याचा जो प्रकार आहे, तो शाळेत वगळा. त्याऐवजी ती मनगटावर ठेवली तरी आकडा चुकत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त सांगावीशी वाटते. प्रत्येक शाळेत दोन-चार मुले-मुली अशी असतात, की त्यांच्यावर सदा राज्य. त्यांनी विटी आणून द्यायची आणि दुसऱ्यांनी टोले हाणायचे. "तुला येत नाही" म्हणून दांडू मिळत नाही, आणि दांडू मिळत नाही म्हणून येत नाही. गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्या वाहणारी पोरे असत. त्यांतलाच एक अली शेर. त्याने १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने ती २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. हे लोक बघून बघून शिकले हे खरे. पण केव्हातरी कुणीतरी त्यांच्या हाती काठी दिली, हेही तितकेच खरे.

गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सवलत देऊन पक्क्याशी बरोबरीने खेळवतात. आपणही तसे करू या. पक्क्याला उचलीच्या तीन संधी, तर नवशिक्याला पाच. कुणी चिडवले, तर ती सवलत आहे, भीक नव्हे, हे गुरुजींनी सर्वांसमक्ष सांगावे. हात बसला की एकेक संधी कमी करीत जावी.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे परवा पत्र आले. लिहितो, "सर, वीसातल्या अकरा उचली जमतात. पोरं अजून हसतात, पण आता वहीत माझे आकडे तीच लिहून ठेवतात."

श्रोतेहो, त्याच्या पंधरा व्हायला अजून चार उरल्या आहेत. आपणही आजच एक दांडू तासून घ्या आणि उद्या सकाळी वीस उचली मोजा.