तंबोरा, ट्रान्सफॉर्मर आणि अहमदाबादच्या फिती

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे विस्कळीत झालं, ते लिहिताना थोडं सावरून घेतलं आहे.)



मी व्याख्याता नाही. सरकारी नोकर आहे, राज्य सरकारच्या विद्युत कामांच्या विभागात. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘डॉल्बीचे दुष्परिणाम’. मी तयारीही केली होती. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, वगैरे सगळं कागदावर उतरवलं होतं. पण खरं सांगतो, ते भाषण तुम्ही दरवर्षी ऐकता, मान डोलावता आणि अनंत चतुर्दशीला सगळे मिळून डॉल्बीच्या मागं चालता. मीही चालतो. म्हणून ते भाषण घरीच ठेवलं. आज दुसऱ्याच आवाजाविषयी बोलणार आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पुण्याच्या पुतण्यानं मला फोनवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘काका, हे तुमच्या लाइनचं आहे.’ उघडलं तर संगीताचा एक संग्रह. पैसे न भरता ऐकता येतो. इंग्रजी नावाचा मराठीत अर्थ असा : एनआयडीच्या फिती, भारतातलं इलेक्ट्रॉनिक संगीत, १९६९ ते १९७२. मला वाटलं साल चुकलं असेल. १९६९ साली आपल्याकडं रेडिओसुद्धा घरोघरी नव्हता, तिथं इलेक्ट्रॉनिक संगीत कुठलं?

साल बरोबर होतं. अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, १९६१ सालची. ती उभारण्यात गौतम साराभाई आणि गिरा साराभाई या बहीण-भावांचा मोठा वाटा. त्यांचा भाऊ विक्रम साराभाई तुम्हाला माहीत आहेत. इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ची. त्याच वर्षी, त्याच गावात, त्याच घरातल्या आणखी एका बहिणीच्या खटपटीतून या संस्थेत एक यंत्र बसलं. मूग सिंथेसायझर. न्यूयॉर्कहून आणलेलं. बसवून द्यायला डेव्हिड ट्यूडर नावाचे अमेरिकन पियानोवादक स्वतः आले होते. ती बहीण म्हणजे गीता साराभाई. या बाई पखवाज वाजवायच्या. आपल्या भजनी मंडळातल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. ज्या काळात बाईनं पखवाजाला हात लावणं लोकांना विचित्र वाटायचं, त्या काळातली ही गोष्ट.

आता यंत्राबद्दल दोन मिनिटं. कंटाळू नका, माझ्या डिप्लोमाचा उपयोग व्हायची वेळ आयुष्यात फार कमी येते. मूगचं हे यंत्र म्हणजे एक मोठं कपाट. आत वेगवेगळे डबे, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पूर्वी असायच्या तशा वायरी एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायच्या. एक डबा नुसता सूर काढतो, त्याला ऑसिलेटर म्हणतात. दुसरा डबा त्या सुरातला काही भाग गाळतो. तिसरा आवाज लहानमोठा करतो. आणि हे सगळं चालतं व्होल्टेजवर. ऑसिलेटरला एक व्होल्ट वाढवून दिला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. आणखी एक व्होल्ट, आणखी एक सप्तक. मी पंचवीस वर्षं व्होल्टेज मोजतोय, पण ते कमी पडलं की लोक शिव्या देतात एवढाच माझा त्याच्याशी संबंध. व्होल्ट म्हणजे सप्तक, हे वाचून मी खुर्चीवरून उठलो.

त्या स्टुडिओत १९७२पर्यंत पाच-सहा जणांनी काम केलं. गीताबेन स्वतः, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, शास्त्रीय गायक अतुल देसाई, आणि जिनराज जोशीपुरा नावाचा एक विद्यार्थी. मग ते थांबलं. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. चाळीसेक वर्षांनी लंडनचे पॉल पुरगस नावाचे कलाकार शोधत तिथं पोचले आणि त्यांनी त्या बाहेर काढल्या. २०२०मध्ये बीबीसी रेडिओवर त्यावर कार्यक्रम झाला आणि २०२३मध्ये हा संग्रह निघाला. तोपर्यंत आपल्याकडं या क्षेत्रातलं जुनं उदाहरण म्हणून मुंबईच्या चरणजित सिंग यांची १९८२ सालची तबकडी सांगायचे, दहा राग डिस्को ठेक्यावर. तीसुद्धा २०१०च्या सुमाराला पुन्हा निघाली तेव्हा लोकांना कळली. आपल्याकडच्या गोष्टी परदेशातून कुणी येऊन झाडून-पुसून दाखवल्या की मग आपल्याला दिसतात. असो.

पहिल्या रात्री मी सगळा संग्रह एका बैठकीत ऐकायला घेतला. प्रामाणिकपणे सांगतो, वीस मिनिटांत इयरफोन काढला. चाल नाही, शब्द नाहीत. कुठं टिटिट्, कुठं घूं. घरातून विचारणा झाली, ‘मिक्सर बिघडलाय काय?’ मी फोन ठेवला आणि झोपलो.

इथं आमच्या अण्णांची गोष्ट सांगायला पाहिजे. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते बेळगावात गाणं शिकायला जायचे. सायकलवरून, जाऊन-येऊन. त्यांनी मिरजेहून एक तंबोरा आणला होता. आपल्या मंडळातल्या जुन्या लोकांना तो आठवत असेल, एकादशीच्या भजनाला ते तो घेऊन बसायचे. भजन नऊला सुरू व्हायचं असलं तर अण्णा साडेआठपासून तंबोरा लावत बसायचे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचा, मणी वरखाली करायचा, कान भोपळ्याला लावायचा. आम्हा पोरांना झोप यायची. ते म्हणायचे, थांबा, अजून गंधार बोलंना झालाय. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम, दोन जोड, एक खर्ज. तरी नीट लागला की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. अण्णांना ते ठाऊक होतं, कारण मला नंतर डिप्लोमाला कळलं : कुठल्याही तारेच्या सुरात त्याच्या पाचपट कंपनांचा एक बारीक सूर दडलेला असतो, तो हा गंधार. आपल्या शेजारच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तंबोऱ्यांच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे अण्णा आम्हाला ऐकवायचे, तेव्हा आम्ही जांभया द्यायचो.

डिप्लोमा झाला आणि मला नवीन शिंगं फुटली. १९९९ साली मी मंडळाच्या मागं लागून इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्यायला लावला. ही वस्तू तशी आपल्याच राज्यातली, बेंगळूरच्या जी. राज नारायण या इंजिनिअरनी १९७९मध्ये पहिल्यांदा केली. वस्तूत काही खोट नाही, ती पोरं शिकवते, प्रवासात साथ देते. पण मी ती कशी आणली ते महत्त्वाचं. सगळ्यांसमोर बटण दाबून म्हणालो, ‘अण्णा, तुमचं अर्ध्या तासाचं काम दोन सेकंदांत.’ लोक हसले. अण्णाही हसले. तंबोरा घरी खुंटीवर गेला. दोन पावसाळ्यांनी त्या कोपऱ्यात कौल सरकलं, पाणी भिंतीवरून झिरपलं आणि भोपळ्याला चीर गेली. मी बघितलं होतं पाणी झिरपताना. रविवारी बघू म्हणालो होतो.

अण्णांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. भजनाला जायचं मात्र हळूहळू कमी केलं. गुडघे दुखतात म्हणायचे.

तर यंदाच्या जुलैत एका रात्री लाईट गेली होती. अण्णा जागे होते. आता त्यांच्या कानाला यंत्र आहे. मी फोन मोठा करून त्यांच्या उशीजवळ ठेवला, काहीतरी करायचं म्हणून, आणि गीताबेनची एक रचना लावली. लांब सूर, हळूहळू बदलणारा. मला वाटलं, वैतागतील. ते डोळे मिटून पडून राहिले. संपल्यावर म्हणाले, ‘परत लाव.’ दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, ‘सूर गावंना झालाय त्याला. खरं, हुडकायलाय बघ.’

मग आमचा नेम झाला. जेवणं झाली की रोज एकच तुकडा, दोनदा. माथुरांची ‘माझे पक्षी’ या अर्थाच्या नावाची एक रचना आहे, ती ऐकून अण्णा म्हणाले, पाखरं खरी नाहीत पण सकाळ खरी आहे. जोशीपुरांच्या एका मालिकेचं नाव २००१ सालच्या अंतराळयानावरून आहे. रचना त्यांनी विशीच्या आत केलेली. तो आवाज वरून खाली घसरत येतो. आपण सांबऱ्याची माणसं, १९४२ पासून हे गाव विमानांखाली झोपतंय. अण्णा लगेच म्हणाले, ‘धावपट्टीवर उतरायलाय.’ शर्मांची ‘डान्स म्युझिक’ ऐकून माझा मुलगा अभ्यास सोडून आला. त्याला पटेना की हे बाबांच्या जन्माआधीचं आहे. अण्णांना ती आवडली नाही. ‘हा शेजारच्या गल्लीतला डॉल्बी,’ म्हणाले, ‘लांबून बरा.’ मलाही सगळं आवडलं असं नाही. काही तुकडे नुसते यंत्र चालू करून बघितल्यासारखे आहेत. पण त्यांनी ते पुसून टाकले नाहीत, याचं मला बरं वाटलं.

एका रात्री अण्णांनी मला गोंधळात टाकलं. ऐकता ऐकता म्हणाले, ‘हा सूर आपल्या देवळामागं आहे की.’ मला कळेना. ते म्हणाले, डीपी. आपल्या देवळामागचा ट्रान्सफॉर्मर. तो पांढरी पाचमध्ये घुमतो, जरासा चढा, मी वीस वर्षं ऐकतोय. दुसऱ्या दिवशी मी हिशेब केला. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याच्या दुप्पट घुमतो, म्हणजे १००. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झ. जरासा चढा! मी त्या डीपीखाली किती वेळा उभा राहिलो असेन, फ्यूज बघितला, तेलाची पातळी बघितली. सूर कधी ऐकला नाही.

गीता साराभाईंची एक गोष्ट अण्णांना फार आवडली. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीत आपल्याकडं घुसतंय, तर ते नेमकं काय आहे हे बघून येऊ, या काळजीनं गेल्या होत्या. तिथं जॉन केज नावाचे तरुण संगीतकार त्यांना भेटले. केजनी त्यांना आपलं संगीत शिकवायचं, त्यांनी केजना भारतीय संगीत शिकवायचं, फीचा प्रश्न नाही. केजनी विचारलं, तुमच्याकडं गाण्याचा हेतू काय मानतात? त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं : मन शांत व्हावं, म्हणजे दैवी गोष्टीला आत यायला जागा होते. हे केजनी जन्मभर धरून ठेवलं. पुढं १९५२ साली त्यांनी चार मिनिटं तेहतीस सेकंदांची एक रचना केली. त्यात वादक काहीच वाजवत नाही, सभागृहात जे ऐकू येईल ते ऐकायचं. ती पहिल्यांदा सादर करणारे पियानोवादक म्हणजे आपले हेच डेव्हिड ट्यूडर, ज्यांनी नंतर अहमदाबादला ते कपाट जोडून दिलं. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे तो आधी गप बसायला शिकला, मग यंत्र लावायला आला.’

जी बाई बाहेरचं संगीत आत येतंय म्हणून काळजीत पडली, तिनंच तेवीस वर्षांनी ते यंत्र घरी आणायची खटपट केली. मी यावर बरेच दिवस विचार करतोय. मी आणलेली डबी आणि त्यांनी आणलेलं कपाट, दोन्ही विजेवरच चालणारी. त्यांना कपाटातून एक सूर काढायला तासन् तास वायरी बदलत बसावं लागे, आणि त्या बसत.

ऑगस्टमध्ये मी रजा टाकली आणि तंबोरा चादरीत गुंडाळून सकाळच्या गाडीनं मिरजेला नेला. अण्णांना सांगितलं नव्हतं. तिथल्या कारागिरांनी भोपळ्यावर बोटानं टिचक्या मारल्या, चिरेच्या या बाजूला, त्या बाजूला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सांधता येईल, आवाज पहिल्यासारखा येईल असं सांगत नाही. घोडी नवी घालावी लागेल. गणपतीपर्यंत होणार नाही, दिवाळीनंतर या. मी आगाऊ पैसे देऊन परत आलो.

घरी आल्यावर अण्णांनी रिकामी खुंटी बघितली. म्हणाले, ‘चादर कुठली नेलीस? जुनी का नवी?’ जुनी, म्हणालो. ‘बरं केलंस.’ आणि त्या रात्री गीताबेन परत लावायला सांगितलं.

आज ते इथं आलेले नाहीत. गुडघ्यांमुळं. या वेळी खरंच गुडघ्यांमुळं. ज्यांना हा संग्रह ऐकायचा आहे त्यांनी मला नंतर सांगा, मी लिंक पाठवतो. एका बैठकीत सगळं ऐकू नका, माझ्यासारखं होईल. आरतीची वेळ झाली आहे, मी थांबतो.