हिमनदीचा पाठ



गोदावरी, भीमा, कृष्णा या आपल्या नद्या पावसाच्या पाण्यावर वाहतात. बर्फावर पोसलेली नदी आपल्या मुलांच्या पाहण्यात नसते. त्यामुळे ‘हिमनदी म्हणजे बर्फाची नदी’ ही व्याख्या पाठ होते, परंतु अर्थ ध्यानी येत नाही. वर्षानुवर्षे साचलेले हिम स्वतःच्या भाराने दबून त्याचा घट्ट बर्फ होतो व तो हळूहळू सरकू लागतो. त्या सरकत्या बर्फास हिमनदी म्हणावयाचे.

हे दाखविण्यास एक ताट व थोडी घट्ट काकवी पुरे. तिरप्या ताटात ओल्या मातीच्या दोन भिंती घालून त्यांमध्ये काकवी ओतावी. मधला भाग पुढे जातो, कडा मागे रेंगाळतात. ही दरीतील हिमनदी. गढवालमधील सुमारे ३० किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी याच प्रकारची असून तिच्या मुखाशी, गोमुखापाशी, भागीरथी उगम पावते. भिंती संपल्यावर काकवी सपाटीवर पसरते, ती पर्वतपायथ्याची हिमनदी. अलास्कातील मॅलास्पिना हे तिचे उदाहरण. आता ताट सपाट ठेवून मध्यभागी काकवी ओतावी. ती चहूंकडे पसरते. ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील हिमस्तर असेच पसरतात. अंटार्क्टिकावरील बर्फाची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर आहे. काकवी द्रव आणि बर्फ घन, हा भेद मात्र आवर्जून सांगावा.

चौथा प्रकार उभ्या उतारावर टांगलेल्या हिमनदीचा. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराच्या अशा उतारावरून खडक व बर्फ यांचा प्रचंड भाग कोसळला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ‘हिमनदी फुटली’ असे त्या वेळी सर्वत्र म्हटले गेले. पुढील अभ्यासात मात्र कोसळलेल्या भागात बहुतांश खडकच असल्याचे आढळले. हिमनदी सरकते, वितळते, तुटते. फुटतो तो तिने लोटलेल्या दगडमातीचा बांध, आणि त्याआड साचलेले सरोवर खाली धावते. हा फरक ज्याला कळला, तो मुलगा बातमी डोळसपणे वाचील.

गंगोत्रीचे मुख मागे हटत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ पासून २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरविला आहे. त्या दिवशी प्रत्येक शाळेत हे ताट मांडले जावे, एवढीच विनंती.