वैद्यकीय ग्रंथालय आणि खेड्यांतील डॉक्टर



गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी नांवाचीं दोन तालुक्याचीं गांवें आहेत. एक मोरगांवची अर्जुनी आणि दुसरी सडकेची. आजचा माझा विषय वैद्यकीय संशोधनाचें ग्रंथालय हा आहे. असें ग्रंथालय सडक अर्जुनीस नाहीं. मग या गांवाचें नांव घेण्याचें प्रयोजन काय, असें आपण विचाराल. ग्रंथालयाच्या दिवाणखान्यांत बसून वाचणाऱ्या प्राध्यापकाची सोय कशीहि होते. परंतु सडकेवरच्या अर्जुनींत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरास त्या ग्रंथालयाचा उपयोग किती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

एक उदाहरण घेऊं. पूर्व विदर्भांतील या धानाच्या मुलखांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. या विकारांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात. धान कापणाऱ्यांस विळ्याचा आकार मीं सांगावयास नको. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे मुलाचे हातपाय, पाठ, छाती असह्य दुखूं लागतात. आठ वर्षांचें असें एखादें मूल रात्रीं दवाखान्यांत आणलें गेलें, तर वेदना शमविण्याचे उपाय डॉक्टरास ठाऊक असतात. परंतु असे झटके वारंवार येऊं नयेत म्हणून कोणतें औषध, किती प्रमाणांत आणि किती दिवस द्यावें, हें त्याला वाचूनच ठरवावें लागतें.

हें ज्ञान एका ठिकाणीं जन्मलें नाहीं. १९१० सालीं शिकागोच्या हेरिक यांनीं या विचित्र पेशींचें पहिलें वर्णन छापलें. १९५२ सालीं लेहमन आणि कटबुश यांनीं निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत हा दोष असल्याचें प्रसिद्ध केलें. १९५८ सालीं नागपूरकडील शुक्ल व सोळंकी यांचा मध्य भारतांतील सिकलसेलविषयींचा लेख ‘लॅन्सेट’मध्यें आला. तीन लेख, वेगवेगळ्या काळीं छापलेले. ते एकाच धाग्यांत ओंवण्याचें काम सूचींनीं केलें. जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें १८७९ सालीं ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. तिच्याच वंशांतील ‘पबमेड’ १९९७ पासून कोणासहि विनामूल्य पाहतां येते.

सूची विनामूल्य झाली म्हणून शोध सोपा झाला, असें मात्र नाहीं. एकाच रोगाचीं नांवें अनेक असतात. जुन्या लेखांत ‘ड्रेपॅनोसायटोसिस’ म्हणतात, रसायनज्ञ ‘हिमोग्लोबिन एस’ म्हणतो. चांगला ग्रंथपाल प्रथम विचारतो : रुग्ण मूल आहे कीं प्रौढ? प्रश्न निदानाचा कीं उपचाराचा? मग तो नेमके विषयशब्द निवडतो आणि हजार लेखांतून वाचण्याजोगे आठदहा काढून देतो. हें काम बाहेरून दिसत नाहीं, आणि म्हणूनच अंदाजपत्रक कापतांना प्रथम त्यावरच कात्री चालते!

आतां त्या औषधाकडे वळूं. हायड्रॉक्सियुरिया दिल्यानें प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके सुमारें निम्म्यावर येतात, हें अमेरिका व कॅनडा येथील चांचणीनें १९९५ सालीं दाखविलें. त्या चांचणींत मात्रा दर किलो वजनास १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून, सोसेल तितकी वाढवीत नेली होती. तशी मात्रा द्यावयाची तर रक्ताची तपासणी पुनःपुन्हां करावी लागते. खेड्यांत तें कसें जमावें? नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दर किलोस रोज १० मिलिग्रॅम ही अल्प व ठराविक मात्रा मुलांना देऊन पाहिली. तिचा चांगला गुण येतो, हें त्यांनीं २०१३ सालीं ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्यें प्रसिद्ध केलें. सडक अर्जुनीच्या डॉक्टरास बॉस्टनच्या लेखापेक्षां नागपूरचा हा लेख जवळचा आहे.

येथेंच ग्रंथालयाचें दुसरें कार्य सुरू होतें. वाचणाऱ्याला मदत करणारा ग्रंथपाल लिहिणाऱ्यालाहि मदत करतो. पूर्वीं कोणी काय लिहिलें तें शोधून देणें, संदर्भ तपासणें आणि लेख कोठें पाठवावा याचा सल्ला देणें, हीं कामें त्याचींच. हा सल्ला आज फार मोलाचा आहे. वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीस प्रसिद्ध लेखांची अट असते. त्या निकडीचा फायदा घेऊन, पैसे घेतां घेतां परीक्षणाचें नुसतें सोंग करणारीं नियतकालिकें निघालीं. त्यांना ‘भक्षक’ हें नांव जेफ्री बील यांनीं दिलें, आणि बील हे व्यवसायानें ग्रंथपालच. याच्या उलट, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयाचें १९५५ पासून चालणारें ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ पाहा. या शतकाच्या आरंभींच त्यानें आपले लेख सर्वांस मोफत वाचावयास खुले केले.

मोफत वाचनाचा हा मुद्दा मला न्यायाचा वाटतो. रक्त खेड्यांतल्या मुलाचें, श्रम सरकारी रुग्णालयाचे. आणि निष्कर्ष छापून आल्यावर त्याच मुलाच्या डॉक्टरानें तो परदेशी प्रकाशकाकडून विकत घ्यावा, ही रीत मला पटत नाहीं. भारत सरकारनें १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना चालू केली. तिच्यांत तीस प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें असून, सुमारें ६,३०० सरकारी संस्थांसाठीं ती आहे. परंतु या संस्था म्हणजे उच्च शिक्षणाच्या व संशोधनाच्या. गोंदियाचें २०१६ सालीं सुरू झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्या वर्गांत मोडतें. तालुक्याचा दवाखाना मोडत नाहीं. दोहोंमधलें अंतर सडकेनें थोडक्या वेळांत कापतां येतें, पण वर्गणीच्या करारांत तें फार मोठें आहे.

तेव्हां माझी सूचना अशी कीं, जिल्ह्याच्या महाविद्यालयांतील ग्रंथालयानें तालुक्याच्या डॉक्टरांचे प्रश्न दूरध्वनीनें वा पत्रानें घ्यावे आणि कराराच्या मर्यादेंत राहून, दोन दिवसांत उत्तर धाडावें. त्यासाठीं नवी इमारत नको. एक जाणता ग्रंथपाल आणि त्याच्या दिवसांतले दोन तास पुरे. डॉक्टरांनींहि प्रश्न मोघम विचारूं नये. वय, वजन, आधीं दिलेलें औषध आणि नेमकी अडचण एवढें लिहावें. रुग्णाचें नांव मात्र लिहूं नये.